भाऊच्या पंच्याहत्तरीचा बंगला

सूनबाई,

भाऊच्या पंच्याहत्तरीला सगळं गणगोत पचमढीला न्यायचं आणि एक अख्खा बंगला घ्यायचा, हे तुझ्या मनात आलं ते मला फार आवडलं. पांढुर्ण्यात कार्यालय घेऊन दोनशे पानं उठवणं सोपं आहे, पण त्यात कोणी कोणाशी धड बोलत नाही. आहेर दिला, फोटो काढला, जेवले, गेले. तीन दिवस एका छपराखाली राहिलं की माणसं उलगडतात. नागपूरचे, छिंदवाड्याचे, पुण्याचे, आपले सौंसरचे, सगळे मिळून तीसच्या घरात जातील. एवढ्यांना घेऊन परक्या घरात राहायचं तर काही गोष्टी आधी बघाव्या लागतात. माझा जन्म पाहुण्यांच्या उठबशीत गेला, म्हणून हक्कानं सांगते.

पहिलं हे ध्यानात घे की तिथले जुने बंगले कोणासाठी बांधले होते. पचमढीत कॅप्टन जेम्स फोर्सिथनं १८६२ साली बायसन लॉज बांधलं. पुढे ते गाव मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी झालं. नागपुरात ऊन तापलं की सरकारी कचेऱ्या वर चढायच्या, आणि साहेबांना राहायला बंगले उठले. रॉक एंड मॅनॉर, ग्लेन व्ह्यू यांसारख्या वास्तू आता एमपी टुरिझम चालवतं. उंच छत, जाड भिंती, समोर लांबरुंद व्हरांडा. बघितलं की जीव हरखतो. पण तो बंगला साहेब, मेमसाहेब आणि एखाद-दोन लेकरांसाठी होता, आणि त्यांच्या दिमतीला खानसामा, भिस्ती, माळी, आया अशी माणसांची रांग होती. आपण जातो तेव्हा हिशेब उलटा होतो. राहणारे तीस, आणि पाणी भरायला भिस्ती कोणीच नाही. मग खानसामा, भिस्ती, आया कोण होतं? घरातल्या सुना. नवा बांधलेला, चकचकीत, पोहण्याच्या टाक्याचा बंगला घेतलास तरी हे बदलत नाही. म्हणून आधी हात ठरव, मग घर ठरव.

हात म्हणजे स्वयंपाकी एक, त्याच्या हाताखाली एक, भांड्याला एक बाई आणि झाडलोटीला एक माणूस. बंगल्याच्या मालकाला किंवा मॅनेजरला फोनवर हाच प्रश्न पहिला विचार: स्वयंपाकी तुमचा आहे का, तो तीस माणसांचं रांधतो का, पहाटेचा चहा किती वाजता मिळेल? "हो जी, सब हो जाएगा" या उत्तरावर थांबू नकोस. नाश्ता, जेवण, चहा, रात्रीचं जेवण, सगळ्यांच्या वेळा लिहून पाठव आणि त्याचं उत्तर लेखी घे. तिथला माणूस जमत नसेल तर आपल्या सौंसरचा आचारी सोबत ने. त्याची मजुरी, जाण्यायेण्याचं भाडं आणि झोपायची नीट जागा खर्चात धर. लोकांना हा खर्च जड वाटतो आणि डोंगराकडे तोंड असलेली खोली स्वस्त वाटते. माझ्या मते हे साफ उलटं आहे. तीन दिवस आपल्या जावा-नणंदांनी गंजात पळी फिरवत काढले तर त्या कसल्या पचमढीला गेल्या? घरचंच स्वयंपाकघर डोंगरावर नेलं, एवढंच.

स्वयंपाकघर कुठं आहे तेही बघ. जुन्या बंगल्यांत ते मुख्य इमारतीपासून तोडलेलं, मागच्या अंगाला असायचं, धूर आणि आगीच्या भीतीनं. दिसायला झकास, पण तिथून पोळी ताटापर्यंत येईस्तोवर गार होते, आणि पाऊस असला तर छत्री धरून वरण आणावं लागतं. व्हिडिओ कॉल करून मॅनेजरला चुलीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत चालत जायला सांग. तेवढ्यात तुला सगळं कळेल: किती पावलं, किती पायऱ्या, गॅसच्या शेगड्या किती, फ्रिज केवढा. एका दिवशी रोडगे आणि वांग्याची भाजी करायची भाऊची हौस राहील, ती पुरवायचीच. पण पचमढी म्हणजे छावणी आणि भोवती सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. अंगणात गोवऱ्या पेटवता येतील का हे आधी विचार. नाही म्हणाले तर हट्ट करू नये. मे महिन्यात वाळल्या पाल्यावर एक ठिणगी पडली तरी बस.

मे महिना म्हणते आहे, कारण तारीख मी मनात धरली आहे. आपण कास्तकार माणसं. बाग अंबिया बहराची, तर तोडणी दसऱ्या-दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत चालते. तेव्हा भाऊ हलणार नाही आणि हलला तरी त्याचा जीव बागेत. डिसेंबर-जानेवारीत पचमढीची थंडी हाडात शिरते, पारा एक-दोन अंशांवर येतो. म्हाताऱ्यांना ते सोसायचं नाही. महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ घेऊन जाणाऱ्यांचा पूर लोटतो आणि नागपंचमीला नागद्वारची यात्रा भरते. आपल्या विदर्भातली, पांढुर्णा-सौंसरची माणसं तर पिढ्यानपिढ्या जातात. यात्रेला जायचं तर त्या भावनेनं, पाठीला पिशवी लावून जावं. पण बंगला घेऊन निवांत बसायचं तर त्या दोन्ही वेळा टाळायच्या. रस्ते, गाड्या, खोल्या सगळ्याला ताण असतो. पोळ्याचा दुसरा दिवस गोटमारीचा, तेव्हा पांढुर्ण्यातून कोण बाहेर पडतं! राहिला मेचा पहिला पंधरवडा. पोरांच्या शाळा बंद, लग्नाच्या तिथी टाळून तीन दिवस निघतात. सौंसरात पारा ४५ कडे जातो तेव्हा तिथं चांगले पाच-सात अंश कमी असतात, रात्री पांघरूण लागतं. धबधबे त्या दिवसांत बारीक होतात हे खरं. पण भाऊला धबधबा नाही, आपली माणसं बघायची आहेत.

आता मेचं म्हटलं की पाणी आलं. टाकी किती लिटरची, भरते कशानं, बोअर की टँकर, हे विचार. तीस माणसं अंघोळ, कपडे, संडास धरून दिवसाला तीन-चार हजार लिटर सहज संपवतात. न्हाणीघर चार-पाच माणसांमागे एक हवंच. त्याहून कमी असेल तर सकाळी सात वाजता भांडणं लागतात आणि सहलीचा सगळा रंग जातो. गिझर पंधरा लिटरचा असेल तर एक बादली निघते आणि पुढची तापायला वेळ लागतो. म्हणून अर्ध्यांच्या अंघोळी संध्याकाळी ठेव. पुण्याची पोरं कुरकुरतील, पण डोंगर चढून घामेजून आल्यावर तीच आधी बादली मागतील.

जागेची जाहिरात वाचताना एक गोष्ट फार बारकाईनं बघ. "तीस जणांची सोय" म्हणजे तीस पलंग नव्हेत. बारा पलंग आणि बाकी जमिनीवर गाद्या, असाच बहुतेक ठिकाणी अर्थ असतो. त्यात वाईट काही नाही. लेकरांना हॉलमध्ये ओळीनं गाद्या घालून दे, त्यांच्या आयुष्यभराच्या मैत्र्या तिथंच होतील. पण गादी कोणाला आणि पलंग कोणाला हे घरून निघायच्या आधी कागदावर ठरलेलं हवं. तळमजल्यावरची, संडासाला लागून असलेली खोली भाऊची. तिथं इंग्रजी पद्धतीचं कमोड आहे का, भिंतीला धरायला दांडी आहे का, उंबरा केवढा, दिव्याचं बटण पलंगावरून हाताला लागतं का, हे चारही विचार. माझे गुडघे आता वरच्या मजल्याला नाही म्हणतात, तेव्हा मलाही खालीच दे. घोरणाऱ्यांना एकत्र घाल. नव्या जोडप्याला कोपऱ्यातली खोली दे आणि त्यावर कोणी थट्टा करणार नाही असं आधीच बजाव. ड्रायव्हर लोकांना गाडीत झोपवू नकोस. परतीला घाट त्यांनाच उतरायचा आहे. त्यांना पलंग, पंखा आणि आपल्या पंगतीतलं गरम जेवण मिळालं पाहिजे.

आणि व्हरांडा! सूनबाई, एक खोली कमी मिळाली तरी चालेल, पण सगळे एकदम बसतील एवढी जागा असल्याशिवाय बयाणा देऊ नकोस. तीस माणसांना दहा सुंदर खोल्या दिल्या तर दहा दारं बंद होतात, आत मोबाइल सुरू होतात आणि आपण हॉटेलात गेल्यासारखे परत येतो. एक मोठा व्हरांडा, खाली सतरंज्या, मधे फल्लीदाण्यांचं सूप, कोणी सोलतंय, कोणी पत्ते पिसतंय, भाऊ जुन्या विहिरीची गोष्ट तिसऱ्यांदा सांगतोय. मालकाला सांग की फोटो खोल्यांचे नकोत, तीस माणसं बसलेल्या व्हरांड्याचा पाठवा. असा फोटो त्याच्याजवळ नसेल तर तिथं तेवढी माणसं कधी बसली नाहीत, एवढं समजून घे.

पैशाचं सांगते, कारण नाती तिथंच दुखावतात. बुकिंग एकाच्या नावावर, पैसे खात्यात, पावती हातात. सरकारी बंगला असेल तर एमपी टुरिझमच्या स्वतःच्या साइटवरून किंवा कार्यालयातूनच घे; खासगी असेल तर पूर्ण रक्कम आधी टाकू नकोस. कोणत्या तारखेपर्यंत रद्द केलं तर किती परत मिळतं, अनामत किती आणि ती कधी सुटते, वीज गेली तर जनरेटरचं डिझेल कोणाचं, हे लिहून घे. सगळ्यांच्या आधार कार्डाच्या प्रती एका फाइलीत ठेव, दारातच मागतात. वर्गणी माणशी घेऊ नकोस, घरटी घे, आणि निघायच्या महिनाभर आधी. ज्या घराला झेपत नाही ते मला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक आहे. त्यांचा वाटा तू आणि मी मिळून घालू आणि वहीत त्यांच्या नावापुढं "जमा" असंच लिहू. ही वही कोणालाही दाखवता आली पाहिजे, म्हणून हे आपल्या दोघीतच राहू दे.

रस्ता सौंसर, रामाकोना, सिल्लेवानी घाट, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली असा. पहाटे निघा. वळणांनी लेकरांना मळमळतं, तेव्हा पोट अगदी रिकामंही नको आणि पुऱ्या-भजी खाऊन तट्ट भरलेलंही नको. आवळासुपारी आणि लिंबू पुढच्या सीटवर ठेव. तामियाला थांबून दरी बघा, पाय मोकळे करा. पचमढीत जंगलातल्या ठिकाणांना आपली गाडी चालत नाही, वनखात्याची परवानगी आणि तिथलीच जिप्सी लागते. एका जिप्सीत सहा माणसं धर, म्हणजे तीस जणांना पाच. हा खर्च लोक विसरतात आणि मग ऐन वेळी अर्धी माणसं बंगल्यावर ठेवून जातात, बहुधा म्हातारी आणि लेकुरवाळी. तसं होऊ देऊ नकोस. बंगल्यावर खिडक्या-दारं लावून जायचं, वानरं घरात शिरली तर साखर-पिठापर्यंत सगळं उधळतात.

औषधांची एक वेगळी थैली कर: बीपीच्या, साखरेच्या गोळ्या प्रत्येकाच्या नावाच्या पाकिटात, पाच दिवसांच्या, कारण तीन दिवसांचे चार कधी होतात कळत नाही. अडचण आली तर पिपरिया साधारण पन्नास किलोमीटर, तोही घाटच. म्हणून एक गाडी आणि एक ड्रायव्हर रात्री कायम तयार असला पाहिजे, आणि त्या ड्रायव्हरनं काही घ्यायचं नाही, हे पुरुषांपैकी एकानं जबाबदारीनं बघायचं. पुढे कधी हिवाळ्यात गेलात तर कोळशाची शेगडी बंद खोलीत कोणालाही ठेवू देऊ नकोस. त्या वायूला वास येत नाही, माणूस झोपेतच जातो.

भाऊ चौरागडाचा हट्ट धरेल. हजाराच्या वर पायऱ्या आहेत, त्याला चढू देऊ नकोस. बडा महादेवच्या गुहेपर्यंत गाडी जाते. तिथं त्याला सकाळी लवकर ने, निवांत दर्शन होईल. त्याच्या नावानं त्रिशूळ न्यायला नातवंडांतली दोन-तीन धट्टीकट्टी निवड. धूपगडाला मात्र सगळ्यांनी जायचं. १३५२ मीटर, सातपुड्यातलं सगळ्यांत उंच ठिकाण, आणि जिप्सी वरपर्यंत जाते. सूर्यास्ताला गर्दी होते, म्हणून तासभर आधी पोचा आणि भाऊसाठी घडीची खुर्ची न्या.

निघताना बंगल्याच्या माणसांची बक्षिशी पाकिटात घालून, ज्याची त्याच्या हातात द्या, मॅनेजरकडे एकगठ्ठा नको. आलात तेव्हाचे खोल्यांचे फोटो काढलेले असू दे, म्हणजे फुटलेल्या पेल्यावरून वाद होत नाही. आपल्याकडून फुटलं असेल तर त्यानं विचारायच्या आधी भरून द्या.

येत्या रविवारी सौंसरला ये. माणसांची यादी, त्यांची वयं आणि कोणाला काय चालत नाही ते लिहून आण. आचाऱ्याला मी बोलावून ठेवते. बयाणा त्याच्याशी बोलल्यानंतरच द्यायचा.

तुझी,
आत्याबाई