श्रीलंका : भीती कशाची धरावी?

प्रश्न : जुलैत आईवडिलांना श्रीलंकेला न्यावे का? २०१९ चे बॉम्बस्फोट आणि २०२२ ची टंचाई आठवून धीर होत नाही.

उत्तर : जरूर न्या. त्या घटना भीषणच होत्या, पण जुन्या बातमीवरून आजचा धोका मोजता येत नाही. तुमच्या बेतात खरी अडचण हवामानाची आहे. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे गॉल, बेंटोटाचा समुद्र खवळलेला असतो. त्याच काळात पूर्वेचे त्रिंकोमाली बहुधा कोरडे असते, म्हणून मुक्काम तिकडे ठेवा. सरकारी सूचनेत सावधगिरीचा इशारा असतो, असे कोणी म्हणेल. ती वाचाच, मात्र इशारा देशभराचा की एखाद्या भागापुरता, हे नीट पाहा. सिगिरिया या खडकावरील किल्ल्याच्या सुमारे १,२०० पायऱ्यांचा आग्रह आईवडिलांना करू नका, आणि प्रवासाचा वैद्यकीय विमा तिकिटाबरोबरच काढा.