टपालपेटीचा दाखला
(द्वितीय वर्ष, कला)

मे महिन्याच्या सुटीत आमच्या चाळीतील एका दादाबरोबर मी डोंबिवलीच्या एम. आय. डी. सी. भागात जात असे. लहान कंपन्यांचे संगणक सांभाळणे हा त्याचा व्यवसाय. त्यांतील एका कारखान्याच्या मालकांना कंपनीच्या नावाची ई-मेल हवी होती, आणि तीही स्वतःच्या कचेरीत ठेवलेल्या सर्व्हरवर. दादाने तीन दिवसांत सर्व्हर उभा केला. अकरा जणांच्या फोनवर खाती जोडण्याचे काम माझ्याकडे आले. प्रत्येक फोनवर इशारा येई, की या सर्व्हरचे प्रमाणपत्र पडताळता येत नाही. तरीही पुढे जायचे का? दादा म्हणाला, "हो दाब." मी अकरा वेळा 'हो' दाबले आणि अकराही जणांना बजावले, की पुन्हा आले तर 'हो' दाबा.

त्या 'हो'चा अर्थ मला पुढे कळला. तोच येथे सांगावयाचा आहे.

ज्यांनी प्रवेशाच्या वेळी कल्याणच्या तहसील कचेरीत दाखल्यासाठी खेटे घातले आहेत, त्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. आमच्या घरी कॉलेजचे तोंड पाहणारी मी पहिलीच. त्यामुळे कोणता कागद कोण देतो, हे मी रांगेत उभी राहूनच शिकले. कॉलेजातील लिपिक मला ओळखत नाहीत, परंतु तहसीलदारांची सही व शिक्का ओळखतात. त्या शिक्क्यापोटी माझ्यावर विश्वास ठेवतात. सर्व्हरच्या प्रमाणपत्राचेही असेच आहे. त्यावर सर्व्हरचे नाव, मुदत, त्याची सर्वांना दाखवावयाची 'सार्वजनिक किल्ली' आणि देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते. त्या किल्लीची जोडीदार, म्हणजे खाजगी किल्ली, सर्व्हरच्या बाहेर कधीही जाता कामा नये. कोणत्या संस्थांच्या सह्या मानायच्या, याची यादी फोनमध्ये आधीपासून भरलेली असते.

मात्र या यादीतील मूळ संस्था सहसा स्वतः सही करीत नाही. तिने नेमलेली मधली पायरी सही करते. त्या मधल्या पायरीचे प्रमाणपत्रही सर्व्हरने सोबत पाठवावे लागते. ते राहून गेले, तर गंमत होते. संगणकावरील ब्राउझरने ते पूर्वी कोठून तरी मिळवून ठेवलेले असते म्हणून तेथे सारे सुरळीत दिसते, आणि फोन मात्र तक्रार करतो. दोष बिचाऱ्या फोनला लागतो!

आमच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र त्याने स्वतःच्याच सहीने स्वतःला दिलेले होते. हल्ली स्वयंसाक्षांकित प्रती चालतात हे खरे. पण मूळ कागद पाहण्याची सोय तेथे असते. येथे मूळ कागदच नव्हता. मी दादाला विचारले, "पण मजकूर तर कुलूपबंदच जातो ना?" जातो. परंतु कुलूपबंद पेटी कोणाच्या हाती दिली, हे न पाहिल्यास त्या कुलपाचा उपयोग काय? शिवाय एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे पत्रे जाताना बहुधा प्रमाणपत्राची कडक तपासणी होत नाही. पत्रे येत होती, जात होती. मालक खूष होते.

पंधरा दिवसांनी तेथील हिशेबनीस काका सहज म्हणाले, "अगं, ठाण्याला स्टेशनजवळ चहा घेताना तिथलं फुकटचं वायफाय लावलं, तर तुझा तो इशारा परत आला. दाबलं मी 'हो'." माझ्या पोटात गोळा आला. कचेरीतील सर्व्हरसाठी एकदा 'हो' म्हटलेले असता पुन्हा इशारा येतो, याचा अर्थ समोर निराळेच प्रमाणपत्र आले होते. बँकेची सारी पत्रे काकांच्याच खात्यात येत. ते वायफाय लबाड होते की नुसतेच गबाळे, हे कळण्यास मार्ग नव्हता. काही गेल्याचे आढळले नाही; परंतु त्याच दुपारी अकराही पासवर्ड बदलले. काकांना कोणी रागावले नाही. शिकवण माझी होती.

मग दादाने रीतसर प्रमाणपत्र घेतले. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था २०१५ पासून ते मोफत देते. पैसे लागत नाहीत, पण ते नाव आपल्याच ताब्यात आहे, हे सिद्ध करावे लागते. तिने दिलेला एक सांकेतिक मजकूर त्या नावाच्या डी. एन. एस. नोंदीत ठेवून आम्ही ते केले. फोनमध्ये मी सर्व्हरचा आकडी पत्ता भरला होता. प्रमाणपत्र नावाला होते, आकड्यांना नव्हे. तेव्हा पुन्हा अकरा फोन!

शिक्का देणाराच चुकला तर? हे आपल्याच देशात घडले आहे. जुलै २०१४ मध्ये गूगलला आढळले, की आपल्या नावांची प्रमाणपत्रे नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या सहीने परस्पर निघाली आहेत. या केंद्राला अधिकार मिळाला होता तो भारत सरकारच्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकांकडून, आणि नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या यादीत होते. त्यामुळे त्या खोट्या कागदांवर विंडोजवरील बरेचसे प्रोग्रॅम विश्वास ठेवणार होते. फायरफॉक्सची यादी वेगळी असल्याने तो सुटला. नियंत्रकांनी ३ जुलैला केंद्राची मधली प्रमाणपत्रे रद्द केली. चौकशीत केंद्राची प्रमाणपत्रे देण्याची पद्धतच कोणीतरी भेदल्याचे निघाले. चार प्रमाणपत्रे, तीन गूगलची व एक याहूचे, चुकीची ठरली. पुढे गूगलने नियंत्रकांचा शिक्का क्रोममध्ये मोजक्या भारतीय नावांपुरताच मान्य ठेवला. आज निघालेल्या प्रमाणपत्रांची नोंद जाहीर वह्यांत होते. आपल्या कंपनीच्या नावावर कोणी काय काढले, हे कोणालाही पाहता येते. दादा महिन्यातून एकदा पाहतो.

आम्ही घेतलेल्या प्रमाणपत्राची मुदत ९० दिवसांची. सर्वत्रच मुदती आखडत चालल्या आहेत. १५ मार्च २०२९ पासून ती ४७ दिवसांहून अधिक असू नये, असे ठरले आहे. म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था दादाने लावली. तरी एका सकाळी मी तासाला बसलेली असताना काकांचा फोन आला. तास संपल्यावर मी उलट फोन केला. "इशारा आलाय. दाबलं नाही मी काही," ते म्हणाले. नवे प्रमाणपत्र वेळेवर आले होते. पण मेलची सेवा पुन्हा सुरू न केल्यामुळे सर्व्हर जुनेच, मुदत संपलेले प्रमाणपत्र दाखवीत बसला होता.