वय झालं म्हणू नका, रक्त तपासून घ्या




उसाचं पान पिवळं पडलं की आपण आधी युरियाचं पोतं उघडतो. पण चुनखडीच्या रानात केवडा पडलेला असेल तर कितीही युरिया टाका, पान हिरवं होत नाही. तिथं कमतरता लोहाची असते. रानात लोह असतंही, पण चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही. म्हणून आम्ही शेतकी खात्याचे लोक आधी माती परीक्षण करा, मग खत टाका, असं सारखं सांगत असतो.

माणसाच्या रक्ताचंही असंच आहे. घरातले आबा किंवा आजी फिके दिसू लागले, चार पावलांत धाप लागू लागली, की आपण म्हणतो, "वय झालं आता." फार तर गूळ-शेंगदाणे देतो, नाहीतर दुकानातून लोहाच्या गोळ्या आणतो. कमतरता लोहाची असेल तर गोळ्यांनी गुण येतो. नसेल तर दिवस वाया जातात, आणि तेवढ्या दिवसांत न भरून येणारं नुकसान होऊ शकतं.

रक्त कशानं बनतं?

तांबड्या पेशी हाडांतल्या मगजात तयार होतात. त्यांना लोह लागतं, तसंच फॉलिक ॲसिड आणि बी-१२ ही दोन जीवनसत्त्वंही लागतात. लोह कमी पडलं तर पेशी लहान आणि फिक्या होतात. ही जीवनसत्त्वं कमी पडली तर पेशी नीट विभागत नाहीत. त्या मोठ्या होतात, संख्येनं कमी आणि अल्पायुषी असतात. डॉक्टर याला मेगॅलोब्लास्टिक ॲनिमिया म्हणतात.

या आजाराचं एक मोठं संशोधन आपल्या मुंबईत झालं. डॉ. ल्यूसी विल्स १९२८ साली तिथं आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना हा रक्तक्षय होत असे. यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो, हे त्यांनी दाखवलं आणि १९३१ साली प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं द्रव्य म्हणजेच फॉलिक ॲसिड. बी-१२ हे जीवनसत्त्व पुढं १९४८ साली शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं गेलं.

म्हातारपणीच जास्त का?

फॉलिक ॲसिड पालेभाज्या आणि कडधान्यांत असतं. बी-१२ मात्र झाडपाल्यात नसतं. ते जिवाणू बनवतात. गाई-म्हशीच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात आणि दुधातून, मांसातून ते आपल्याला मिळतं. अंडी आणि मासळीतही असतं. गुळात, उसाच्या रसात, भाकरीत ते नाही.

वय वाढलं की जठरातलं आम्ल कमी होतं, मग अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही. म्हणजे चुनखडीच्या रानासारखंच : आहे, पण उचललं जात नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही हे घडतं. दारूनं फॉलिक ॲसिड घटतं. यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षं पुरेल इतका असतो, म्हणून कमतरता हळूहळू, नकळत येते.

हा प्रश्न म्हाताऱ्यांपुरताच आहे, असंही नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं पुणे शहर आणि खेड्यांतल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दर तिघांतल्या दोघांचं बी-१२ कमी निघालं.

खुणा ओळखा

पापणीच्या आतली बाजू फिकी, जीभ गुळगुळीत व लाल, थकवा, धडधड. बी-१२ कमी असेल तर आणखी : तळपायाला मुंग्या, पायातली चप्पल निसटली तरी न कळणं, अंधारात तोल जाणं, विसराळूपणा. हे रक्त फिकं होण्याआधीही सुरू होऊ शकतं.

इथं एक धोका लक्षात ठेवावा. बी-१२ ची कमतरता असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं, माणूस टवटवीत दिसतो, पण नसांची झीज आतून चालूच राहते. म्हणून मनानं गोळ्या घेऊ नयेत.

काय करावं?

१) साठीनंतर हिमोग्लोबिन, पेशींचा आकार आणि बी-१२ यांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्यानं करून घ्यावी. पुरुषात १३ आणि स्त्रीत १२ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर पेशींचा आकार सर्वसाधारण दिसून चकवा होतो, हेही डॉक्टरांना विचारावं.

२) मूळव्याध, काळी शौच, वजन घटणं असेल तर ते लपवू नये. रक्त कुठून तरी जात असू शकतं.

३) कमतरता निघाली तर इंजेक्शन किंवा जादा मात्रेच्या गोळ्या असतात. पचनात अडचण असली तरी त्यांनी काम होतं. वेळेवर दिलं तर रक्त काही आठवड्यांत सुधारतं. नसांचं नुकसान जुनं असेल तर पूर्ण भरून येईलच असं नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुलं पनवेल, कामोठे, कळंबोलीला नोकरी-धंद्यासाठी आहेत आणि आई-वडील महिना-दोन महिने तिकडं जातात. तिथं दवाखाने, प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर आहेत. मुलांनी आई-वडिलांना त्या मुक्कामातच तपासून आणावं.

शेवटी एक घरची गोष्ट. आपल्या गोठ्यातलं दूध पहाटे डेअरीला जातं आणि म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला चहापुरतं उरतं. एका मोठ्या पेलाभर दुधातून दिवसाच्या गरजेच्या निम्म्याच्या आसपास बी-१२ मिळतं. डेअरीचं कॅन भरण्याआधी तेवढा पेला बाजूला काढावा. ज्यांनी ही रानं राखली, त्यांचा तो पहिला हक्क आहे.

— ऊस विकास अधिकारी