आईची गव्हाण, पिलाचं पोट

बाळा, शेड बांधलीस, चार डुकरिणी आणल्यास, छान केलंस. उद्या पिलांच्या हगवणीवर औषध विचारायला येशील, तेव्हा ही आत्या आधी तुझ्या डुकरिणीची गव्हाण बघेल, कारण पिलाचं पोट तिथे घडतं. खालच्या सगळ्या चुका माझ्या करून झाल्यात. तुला त्या पुन्हा करायचं कारण नाही.

१. डुकरीण लागल्याची तारीख दाराच्या फळीवर लिही आणि पुढचे ११४ दिवस मोज — तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. तारीख ठाऊक असली की खाद्य वेळेवर बदलता येतं.

२. गाभण आहे म्हणून लाडानं पोतं रिकामं करू नकोस, रोज दोन-अडीच किलो पुरे — फार सुटलेली डुकरीण व्याल्यावर कमी खाते आणि दूध आटतं.

३. विण्याआधी आठवडाभर गव्हाचा कोंडा वाढव — पोट साफ नसलं की विणं लांबतं, कास सुजू शकते. आईचं पोट अडलं, पिलाचं रडलं.

४. पिलू पुसून लगेच सडाला लाव. पहिल्या दिवसात पाव किलोच्या आसपास चीक पोटात जायला हवा — रोगाशी लढायची ताकद त्याला गर्भात मिळत नाही, चिकातून मिळते, आणि ती आत घेणारं आतड्याचं दार २४ ते ३६ तासांत मिटतं.

५. जोरकस पिलं तासभर उबदार टोपलीत ठेव आणि तेवढ्यात बारक्यांना पाज — गारठलेलं, मागं रेटलेलं पिलू चिकाला मुकतं.

६. तिसऱ्या दिवशी पशुवैद्यांकडून लोहाचं इंजेक्शन दे — डुकरिणीला कितीही लोह चारलंस तरी पिलाला पुरेल इतकं दुधात उतरत नाही.

७. पाजणाऱ्या डुकरिणीला दिवसातून तीनदा खाऊ घाल आणि २५-३० लिटर स्वच्छ पाणी समोर ठेव — तहानलेली डुकरीण खात नाही, आणि न खाणारी पाजत नाही.

८. आपल्या कोकणातल्या पावसात मका आणि शेंगदाण्याची पेंड फळीवर, भिंतीपासून दूर ठेव; बुरशी दिसली की टाकून दे — तिचं विष शिजवून जात नाही आणि दुधातून पिलापर्यंत पोचतं. पोतं वाचवलं, वेत गमावलं.

९. हॉटेलातलं उष्टं पिलांना नकोच, आणि मोठ्यांनाही चांगलं उकळल्याशिवाय नको — २०२० पासून देशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आहे. तो उष्ट्यातल्या डुकराच्या मांसातून येतो आणि त्यावर औषध नाही.

१०. दहाव्या दिवसापासून दुधाची पावडर घातलेला बारीक भरडा मूठभर ठेव, उरलेला रोज काढून ताजा घाल — पिलाचं पोट दुधासाठी तयार असतं, धान्य पचवायला ते हळूहळू शिकतं. त्याला डुकरिणीच्या खाद्याचाच वास असू दे, कारण तो वास दुधात उतरतो आणि ओळखीच्या वासाचं खाद्य पिलू लवकर खातं.

११. सोयाबीन नीट भाजून, आणि तेही थोडंच — कच्च्या सोयाबीनमुळे प्रथिनं पचत नाहीत. न पचलेली मोठ्या आतड्यात कुजतात आणि हगवण लागते.

१२. दूध तोडायची घाई नको, आपल्यासारख्या छोट्या शेडला सहा ते आठ आठवडे बरे. त्या दिवशी डुकरीण हलव, पिलं जागेवरच राहू देत, खाद्यही तेच ठेव — आई तुटली, जागा बदलली, चव बदलली की पिलू खाणं सोडतं, आणि दिवस-दोन दिवसांच्या उपासानं आतड्यातली अन्न शोषणारी बारीक बोटं झडतात. एका दिवशी एकच दुःख द्यावं.

१३. पुढचा आठवडा दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं घाल — दूध तुटल्यावर पोटातलं आम्ल कमी पडतं, आणि भुकेनं एकदम खाल्लेल्यावर वाईट जंतू पोसतात.

१४. शेपटी ओली दिसली की क्षारांचं पाणी दे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलाव. प्रतिजैविक मनानं खाद्यात मिसळू नकोस — त्यात चांगले जंतूही मरतात. माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन हे प्रतिजैविक तर जनावरांसाठी २०१९ मध्येच बंद झालंय.

पहिल्या वेताचं दूध तोडून आठवडा झाला की मला बोलाव. मी आल्या आल्या पिलांच्या शेपट्या बघेन. कोरड्या असल्या की मग तुझ्या हातचा चहा घेईन.