शंकरपट : एका जोडीचा हिशेब

अर्थशास्त्राच्या तासाला स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतील फरक सरांनी कारखान्याचे उदाहरण देऊन शिकविला. मला मात्र तो आमच्या गोठ्यात समजला. आमचे गाव मूर्तिजापूर तालुक्यात. शेती पाच एकर, कोरडवाहू. माझे आबा अजूनही पटाची जोडी बाळगतात. मागच्या हंगामात माझी परीक्षेची फी आणि ढेपेची पोती एकाच आठवड्यात आली, तेव्हा घरात वाद झाला. मी म्हटले, "आबा, दोन महिने ढेप बंद करा." आबा म्हणाले, "मोटार बंद केली का तेल पेत नाई. बैल उभा रायला तरी खाते." त्या वर्षी त्यांनी पाचऐवजी तीनच पट केले आणि माझी फी भरली. प्रस्तुत लेखाचा उगम त्या वादात आहे.

शंकरपट म्हणजे बैलजोडीची सरळ वाटेवरची छोटी, वेगवान दौड. खरिपाची सुगी आटोपली की पौष-माघात वऱ्हाडात पट भरू लागतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट तर दूरवर प्रसिद्ध आहे. काही ठिकाणी दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात, काही ठिकाणी एकेक जोडी घड्याळाशी झुंजते. वळण नाही, डावपेच नाहीत. सुटणे आणि पोचणे एवढेच. अमेरिकेत मोटारींची अशीच सरळ शर्यत असते. तिचे अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. तिची राष्ट्रीय संघटना १९५१ साली स्थापन झाली. जुन्या मोटारी घरच्या घरी दुरुस्त करून पळविणाऱ्या सामान्य तरुणांनी तो खेळ वाढविला. आपल्या पटाची कुळकथाही याहून फार वेगळी नाही. रोज वखराला जुंपलेली जोडी एक दिवस पटात उतरली, एवढेच.

या खेळात घड्याळाला एवढे महत्त्व का, हे एका साध्या गणिताने कळेल. समजा, जोडी सेकंदाला १२ मीटर धावते. मग सेकंदाच्या शंभराव्या भागात ती १२ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ एका खुराएवढे अंतर कापते. हाताने घड्याळ दाबणाऱ्या माणसाला डोळ्यांनी पाहून बोट हलवायला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. तेवढ्यात जोडी २ मीटर ४० सेंटीमीटर पुढे गेलेली असते. पूर्वी पटावर भांडणे का होत आणि विजेवर चालणारी घड्याळे आल्यावर ती का कमी झाली, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

आता आमच्या वहीतील हिशेब पाहू. पटाच्या चार महिन्यांत जोडीला रोज ३ किलो ढेप, म्हणजे १२० दिवसांत ३६० किलो. किलोला ३६ रुपयांप्रमाणे १२,९६० रुपये. तीन पटांना जोडी नेण्या-आणण्याचे गाडीभाडे ९,००० रुपये. प्रवेश फी ३,००० रुपये. नाल, दोर आणि औषध १,५०० रुपये. एकूण २६,४६० रुपये. एका पटात गावातल्या जोड्यांच्या गटात तिसरा क्रमांक आला, त्याचे ७,००० रुपये मिळाले. तूट १९,४६० रुपये.

ही वही मी मोठ्या विजयाने आबांपुढे ठेवली. त्यांनी ती नीट ऐकली आणि विचारले, "यात डवरनं कुठं लिवलं?" मी गप्प झालो. आमची जोडी वर्षात १८ दिवस घरच्या शेतात वखरते, पेरते, डवरते. माणसाची मजुरी सोडून जोडीचे भाडे दिवसाला ८०० रुपये धरले, तर १४,४०० रुपये वाचतात. म्हणजे खरी तूट ५,०६० रुपये. कुटार आणि कडबा घरचा असल्याने तो मी धरलेला नाही. कामाची जोडी हीच पटाची जोडी असेल, तरच गरिबाला हा नाद परवडतो. केवळ पटासाठी बैल बांधणाऱ्याला श्रीमंत असावे लागते, कारण उभ्या बैलाचा खर्च थांबत नाही.

या व्यवहाराची दुसरी बाजू बाजारभावाची आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. आबांनी त्या वर्षी उजवा बैल विकला. डाव्याला नंतर गिऱ्हाईकच मिळेना. एकमेकांची चाल ओळखणारे दोन बैल म्हणजे आपल्या पुस्तकातील 'पूरक वस्तू'. एक गेला की दुसऱ्याची किंमत निम्मीही राहत नाही. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. धावेचे अंतर १,००० मीटरांपेक्षा जास्त नको, काठी-चाबूक नको, असे नियम आहेत. क्रौर्य केल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बंदीपूर्वी आमच्या डाव्या बैलाच्या पुठ्ठ्यावर मी पराणीच्या जखमा पाहिल्या आहेत. त्या आमच्याच धुरकऱ्याने केल्या होत्या आणि आम्ही घरचे सारे टाळ्या वाजवीत होतो. न्यायालयापुढे गेलेली तक्रार खोटी नव्हती, हे मी स्वतःच्या गोठ्यावरून सांगतो. नियम झाले तरी जोवर प्रत्येक शंभराव्या भागाला पैसे आहेत, तोवर टोचण्याचा मोह राहणारच.

म्हणून मला अमेरिकेतील एका पद्धतीचा विचार करावासा वाटतो. तेथे काही शर्यतींत प्रत्येक जण आपला वेळ आधी जाहीर करतो. मंद गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. जो जाहीर केलेल्या वेळेपेक्षा जास्त वेगाने धावतो, तो सामान्यतः बाद होतो. त्यामुळे जुनी, स्वस्त गाडीही महागड्या गाडीला हरवू शकते. पटात असा एक गट ठेवला तर काय होईल? पराणी टोचून जोडी अधिक पळविली, तर धुरकरी हरेल. बक्षीस मिळेल ते बैलाची चाल ओळखणाऱ्याला. मुद्दाम मंद वेळ सांगणाराही बाद होईल. क्रौर्यातला नफाच काढून घेतला, तर पहाऱ्याची गरज कमी पडेल. लाखांची बक्षिसे असलेले मोठे गट राहोत बापडे. निदान गावच्या जोड्यांच्या गटात हा प्रयोग करून पाहण्यास हरकत नसावी.

ही कल्पना मी आबांना सांगितली. ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आपला बैल किती पयते हे आपल्याले पयले मालूम पायजे." मी होय म्हटले. "मंग त रोज त्याच्या संगं राहा लागते," आबा म्हणाले. आबांच्या जोडीतले दोन्ही बैल एकाच गव्हाणीत खातात. आबा त्यांना सुगीपासून रोज पहाटे बांधावरून मोकळे चालवितात. या सरावाला वहीत खर्च लिहिता येत नाही. गरिबाजवळ भांडवल नसते, पण वेळ आणि जिव्हाळा असतो. त्याला मोल येईल असे नियम केले, तर पाच एकरवाल्याची जोडीही पटात टिकेल आणि तिच्या पुठ्ठ्यावर जखमही दिसणार नाही.

यंदा माझी फी वेळेवर भरली आहे. ढेपेची पोतीही आली आहेत. वहीत मी 'डवरणी' असा एक नवा रकाना आखला आहे.