मिस्त्री गेला की माहितीही गेली? छोट्या कॉन्ट्रॅक्टरसाठी ३ वह्या

आज बोलूया बांधकाम व्यवसायात उतरू पाहणाऱ्यांसाठी. प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, रेन वॉटर हार्वेस्टिंग, काहीही काम घ्या. तुमची मालमत्ता दोन ठिकाणी असते: एक गोडाऊनमध्ये आणि दुसरी मिस्त्रीच्या डोक्यात. पहिलीला आपण कुलूप लावतो. दुसरी रोज संध्याकाळी घरी जाते, आणि एक दिवस परत येतच नाही!

आधी मोठं उदाहरण बघू. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या बस आणि माणसं गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने देशभरातल्या पुलांची नोंद ठेवणारी यंत्रणा सुरू केली. प्रत्येक पुलाला स्वतःचा नंबर, आणि त्यापुढे तो कुठे आहे, कशाचा बांधलाय, आज स्थिती कशी आहे ही माहिती. दीड लाखापेक्षा जास्त पूल आणि मोऱ्यांची अशी नोंद झाली. कारण सोपं आहे: जे लिहिलेलंच नाही, त्याची दुरुस्ती वेळेवर होत नाही.

आता हेच आपल्या धंद्यात आणूया. फक्त ३ वह्या.

१. सामानाची वही. सेंटरिंग प्लेटा, जॅक, व्हायब्रेटर, सगळ्यावर रंगाने नंबर टाका. समजा साईटवर २०० प्लेटा गेल्या आणि १८८ परत आल्या, तर १२ कुठे गेल्या हे त्याच दिवशी कळलं पाहिजे. साफ करून तेल लावलेली प्लेट पुन्हा पुन्हा वापरता येते. पर्यावरण वाचवणं म्हणजे नुसतं सोलर लावणं नाही, जे आहे ते टिकवणं पण आहे.

२. कामाची वही. तारीख, कोणतं सिमेंट, किती गोण्या, पाणी किती दिवस मारलं, हे रोज लिहा. साध्या ओपीसी सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि फ्लाय अ‍ॅशवाल्या पीपीसीला किमान १० दिवस क्युरिंग लागतं, असं आयएस ४५६ सांगतं. मिस्त्री बदलला तरी नियम बदलत नाही. भिंतीतले पाईप बुजवण्याआधी मोबाईलवर टेप लावून फोटो काढा.

३. ग्राहकाची वही. काम संपलं की दोन पानांची माहिती ग्राहकाला द्या: व्हॉल्व कुठे, टाकी कधी धुवायची, हार्वेस्टिंगचा फिल्टर पावसाळ्याआधी कसा साफ करायचा. फिल्टर तुंबला तर कितीही चांगली सिस्टीम असो, पाणी गटारातच जाणार.

हा खटाटोप कशाला? रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला, तर बिल्डरला तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. मग बिल्डर फोन कोणाला करणार? तुम्हालाच! त्या दिवशी तुमच्याकडे फोटो आणि नोंद असेल तर बोलता येईल. नसेल तर खिशातून भरा.

आजचा गृहपाठ: चालू साईटवरच्या फक्त १० वस्तूंना नंबर द्या आणि मिस्त्रीसोबत चहा घेताना त्याला विचारा, "दादा, गळती शोधताना तुम्ही आधी काय बघता?" तो सांगेल ते त्याच्या नावासकट लिहून ठेवा. वही नंबर २ चं पहिलं पान तयार!