दुःखाला ओवीची चाल

यजमान जाऊन आठ महिने झाले, रात्री झोप लागत नाही, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, असं एका ताईंचं पत्र आलंय. मुलीनं बहिणाबाई चौधरींच्या कवितांचं पुस्तक हातात दिलं. वाचता वाचता आपणही तसंच काही जुळवावं असं त्यांना वाटतं. ‘या वयात हे वेडेपण तर नाही ना?’ असं त्यांनी विचारलंय.

नाही, ताई. बहिणाबाईंनाही तिशीतच वैधव्य आलं. लिहिता-वाचता येत नव्हतं; घरात-शेतात राबता राबता त्या रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी त्यातलं काही उतरवून ठेवलं, म्हणून त्या गेल्यावर, १९५२ मध्ये, पुस्तक निघालं. जात्यावरच्या ओवीची चाल आयाबायांची होती, मजकूर बहिणाबाईंचा. तुम्हीही चाल बिनदिक्कत उसनी घ्या.

शोकात मन तेच तेच दळत राहतं. मोकळं लिहायला बसलं की काहींचं हे दळण वाढतंच. तिथं छंद कामाला येतो. अभंगच घ्या: तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. बोटांवर अक्षरं मोजायची म्हटली की सगळं मावत नाही. नेमकं काय सांगायचंय ते निवडावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या काहींना या निवडण्यानंच हलकं वाटलेलं मी पाहिलंय.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांकडून सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनातल्या जखमेविषयी लिहून घेतलं. लिहिल्यावर लगेच मुलं जास्तच उदास झाली; पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. अर्थात ते साधं गद्य होतं, आणि नंतरच्या अभ्यासांत फायदा माफकच दिसला. त्यामुळे गोळीऐवजी कविता, असं मी सांगणार नाही.

आवडलेली कविता आधी मोठ्यानं, सावकाश वाचा. मग स्वतःच्या अक्षरात उतरवून काढा. हात त्या चालीला सरावला की आपला मजकूर घाला. ‘विरह’, ‘काळोख’ असले शब्द आले तर खोडा. यजमानांचा चष्मा लिहा, अजूनही दोन कप चहा टाकला जातो ते लिहा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. ‘वा, छान’ची चटक लागली की माणूस खरं लिहीत नाही. वीसेक मिनिटं पुरे, तीही दुपारी. अंथरुणावर पडताना नको.

रोज लिहून आठवड्याभरानं जास्तच खचल्यासारखं वाटलं तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. झोपेच्या गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. जेवण सुटलं किंवा जगू नये असं वाटू लागलं, तर घरच्यांना लगेच सांगा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.